कानांची मुदत

शिट्टी खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आली, एक त्याला सोडून. घडलं ते एवढंच, आणि तेही भर दिवसा, चहाच्या वेळेच्या जरा आधी. मालिकेतली थोरली बहीण कित्येक वर्षांनी घरी परतते आणि उंबऱ्यावरच थबकते, तिच्या त्या थबकण्याखाली त्याला व्हायोलिनचा एक लांब, बारीक सूर हवा होता. व्हायोलिनवालीने सूर धरला होता, चांगला धरला होता, आणि काचेपलीकडून रेकॉर्डिस्टबाईंनी हात वर केला. "थांबा जरा. कुठूनतरी शिट्टी येतेय." "मला वाटलं माझ्याच डोक्यात वाजतेय," व्हायोलिनवाली म्हणाली, "मघापासून छळतेय मेली." मग सगळे शिट्टीच्या मागे लागले. कोणी दिव्याखाली उभं राहिलं, कोणी पंख्याखाली. सा कुठला आणि रे कुठला हे ज्याला जन्मात कळलं नव्हतं तो निर्मात्याचा माणूससुद्धा भिंतीला कान लावून म्हणाला, "इथे कमी आहे, तिकडे जास्त आहे." आणि ज्याचं नाव रोज संध्याकाळी घराघरांतल्या पडद्यावर 'संगीत' ह्या शब्दापुढे उमटायचं, तो खोलीच्या मधोमध उभा राहून मान डोलावत होता. "हो, येतेय खरी," तो म्हणाला. काहीएक येत नव्हतं. पंख्याची घरघर येत होती, कोणाच्यातरी चपलेचा आवाज येत होता, पण शिट्टी म्हणून जे काही होतं त्या जागी नुसती स्वच्छ, पुसून ठेवल्यासारखी शांतता होती. शेवटी कोपऱ्यातल्या जुन्या स्पीकरची वायर उपटली तेव्हा सगळ्यांनी एकदम हुश्श केलं. त्यानेही केलं, पण किंचित उशिरा, दुसऱ्यांचं बघून.

पुढचं काम त्याने नेहमीसारखंच उरकलं, उलट नेहमीपेक्षा लवकर. बाहेर पडल्यावर मात्र फुटपाथवर उभा राहून त्याने एकदा डावा कान झाकला, एकदा उजवा. दोन्हीकडून रस्ता तसाच्या तसा ऐकू आला. बसचे ब्रेक, फळवाल्याची हाक, कोणाचीतरी खोकल्याची उबळ. पण तेवढ्याने जीव काही भांड्यात पडेना. मुदत भरली, त्याच्या मनात आलं. काही घरांत पुरुषांना लवकर टक्कल पडतं, काहींत पोट सुटतं. त्यांच्या घरात कान जायचे. 'आपल्याकडच्या पुरुषांचे कान पन्नाशीपर्यंतच,' हे वाक्य त्याने इतक्या लहानपणी ऐकलं होतं की ते कोणी, कधी, कुठल्या खोलीत म्हटलं हेही त्याला आठवत नव्हतं. आपला पत्ता जसा पाठ असतो तसं ते पाठ होतं. आजोबांचे गेले, वडिलांचे तर पन्नाशीच्या कितीतरी आधी गेले, मग त्याचे जाणार हे ओघानंच आलं. पन्नाशी उलटून तीन वर्षं झाली होती आणि ही तीन वर्षं त्याने दुकानदाराने चुकून जास्त परत दिलेल्या सुट्ट्या पैशांसारखी गुपचूप खिशात घातली होती, कोणी हाक मारून परत मागायच्या आत पुढे सटकावं तशी. रोज सकाळी जाग आली की डोळे न उघडता तो आवाजांची हजेरी घ्यायचा. नळ, हजर. फ्रिज, हजर. बायकोच्या उशाशी ठेवलेलं तिचं घड्याळ, हजर. शेजारच्यांचा कुत्रा, नको असला तरी हजर. सगळी मंडळी हजर असली की तो उठायचा आणि पळत सुटायचा.

पळत सुटायचा हे काही उगीच म्हटलेलं नाही. धंद्यात त्याचं टोपणनावच 'आत्ताच' असं पडलं होतं. कधी देणार, असं विचारलं की तो म्हणायचा, "आत्ताच देतो," आणि खरंच द्यायचा. विशी सरता सरता साबणाच्या जाहिरातीची धून करून तो ह्या धंद्यात शिरला, मग बिस्किटांची, मग रंगांची, आणि एकदा मालिका मिळाली त्यानंतर त्याने मागे वळून पाहिलं नाही, कारण मागे वळायला वेळच नव्हता. हवामानाच्या बातम्यांआधी जो ढगाळ तुकडा वाजतो तो त्याचा. प्रश्नमंजुषेत उत्तर येईना की घड्याळ जे काळजात टकटक करतं, तेही त्याचंच. दार उघडलं की एक सुरावट, दार आपटलं की दुसरी, आणि कोणाचं बिंग फुटलं की एकाच चेहऱ्यावर तीनदा धडाड् धडाड् धडाड्. दोस्त चिडवायचे, "आमच्याकडे विहिरी आहेत रे बाबा, पोहरा सोडावा लागतो. तुझ्याकडे नळ आहे." तोही हसायचा. कोणी म्हणायचं, तुझ्यात ऐवज आहे, जरा थांब, एखादं काम चार महिने मुरू दे, लोणच्यालाही तेवढा वेळ देतात. त्यावर तो पुढच्या कामाचं बोलायला लागायचा. ज्याला गाडी कधी सुटणार हे माहीत आहे त्याने फलाटावर लोणची घालत बसायची नसतात, हे त्याला त्यांना सांगता आलं नसतं. कारण कान जाणारेत हे कळलं असतं तर उद्यापासून कोणी दारात उभं केलं नसतं. बहिऱ्या स्वयंपाक्याला लोक ठेवतील, बहिऱ्या शिंप्याला ठेवतील, बहिऱ्या संगीतकाराला कोण ठेवील? म्हणून त्याने ते कोणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. लेक चार-पाच वर्षांची झाली तेव्हा बायको एकदा दिवा मालवता मालवता म्हणाली होती, "हिला कोणीतरी सोबतीला हवं नाही का?" आणि तो म्हणाला होता, "एवढ्या कामात वेळ कुठे आहे?" खरं म्हणजे त्याला मुलगा होण्याची धास्ती होती. मुलीचे कान सुरक्षित होते, घरात फक्त पुरुषांचेच जायचे ना! बायको दोन-तीनदा बोलली आणि मग बोलायची थांबली. ती थांबली तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं आणि त्याबद्दल त्याला आजवर स्वतःचीच शरम वाटत आली होती.

वडील रेडिओच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे. तो दुसरी-तिसरीत असताना ते वाद्यवृंदाबरोबर लांबच्या दौऱ्यावर गेले होते, चांगले वर्षभर, आणि शाळेत त्याने त्या दौऱ्याच्या एवढ्या बढाया मारल्या होत्या की बाई एकदा म्हणाल्या, "तुझे बाबा जगाला प्रदक्षिणा घालतायत की काय?" दौऱ्यावरून ते परतले ते बारीक होऊन आणि दाराची घंटा ऐकू न येणारे होऊन. त्यानंतर घरात पहिल्यांदा ते वाक्य आलं असावं, पन्नाशीचं. व्हायोलिन कपाटाच्या वर गेलं. रेडिओवाल्यांनी माणुसकी दाखवून त्यांना वादकांसाठी सुरांचे कागद उतरवून काढायच्या कामावर घेतलं, आणि ते हे काम खाली मान घालून करायचे, ओठांशी जराशी हालचाल असायची, म्हणजे आत कुठेतरी सगळं वाजत असावं. मग घरात टीव्ही आला. वडील समोर बसायचे, तो त्यांच्या डावीकडे, आणि वडील शर्टाची बाही दुमडून हात पुढे करायचे. "काय वाजतंय?" ते जरा मोठ्यानेच विचारायचे, कारण आपला आवाज किती मोठा आहे ह्याचा त्यांना अंदाज उरला नव्हता. मग तो त्यांच्या हातावर बोटांनी सांगायचा. व्हायोलिनं असली की मनगटाकडून कोपराकडे सगळी बोटं हळूच सरकवायची, ढोल असला की अंगठ्याने थापायचं, बासरी असली की करंगळीचं नुसतं टोक. नटीचा चेहरा पडला की त्याची बोटं आधीच धावत सुटायची, कारण आता काय वाजणार हे त्याला कळायला लागलं होतं, आणि कधी कधी टीव्हीतल्यांनी काही वाजवलंच नाही तरी तो स्वतःचं काहीतरी घालून द्यायचा. त्याचं पहिलं पार्श्वसंगीत ते. ऐकणारा एकच, आणि तोही बहिरा. वडिलांना संशय यायचा. "एवढं कशाला वाजवतात रे?" ते एकदा म्हणाले होते, "चेहऱ्यावर दिसतंय की सगळं." त्या दिवसापासून त्याने बोटं थोडी आवरली. आजही तो दृश्याचा आवाज बंद करून, डावी बाही दुमडून, उजव्या हाताने आधी स्वतःच्याच हातावर ते वाजवून बघतो, आणि नव्या कोणी कारण विचारलं तर खाज येते म्हणून सांगतो.

पहिल्या मालिकेच्या वेळी वडील होते. नावं सुरू झाली तशी त्यांनी उठून टीव्हीच्या पाठीवर तळवा टेकवला आणि संपेपर्यंत तसेच वाकून उभे राहिले. आई म्हणाली, "अहो, शॉक बसेल." त्यांना ते ऐकू आलं नाही. मग वळून म्हणाले, "नाव नीट आलंय." एवढंच. त्याच वर्षी थंडीत ते गेले. त्यांना संगीत कसं वाटलं हे त्याला कधीच कळलं नाही आणि विचारायची सोयही नव्हती. तळव्याला जेवढं कळलं असेल तेवढंच.

शिट्टीनंतर आठवडाभर त्याने टाळाटाळ केली आणि मग एका दुपारी, दांडी मारलेल्या शाळकरी पोरासारखा, कोणाला न सांगता कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. काचेच्या पेटीएवढ्या खोलीत त्याला बसवलं, कानांवर जड हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. ऐकू आलं की दाबायचं. आयुष्यभर सूर त्याने लोकांना दिले होते, आज कोणीतरी त्याला एकेक सूर देऊन परीक्षा घेत होतं. खालचे सूर आले, मधले आले, मग वर वर जाताना ते पातळ होत गेले आणि एका जागी थांबले. तो बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिला. एकदा तर त्याने काही न ऐकता, केवळ अंदाजाने, बटण दाबून पाहिलं आणि स्वतःचाच राग आला. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई चष्मा वर सरकवत म्हणाल्या, "वरचे सूर गेलेत थोडे. ते वयाचं आहे, माझेही गेलेत. बोलणं, गाणं, सगळं नीट आहे. पुढे घाबरण्यासारखं काही दिसत नाही." त्याला वाटलं, इथेच उठावं. पण त्या पुढे म्हणाल्या, "घरात कोणाला होतं का?" आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य मोठ्याने उच्चारलं. आपल्याकडच्या पुरुषांचे कान पन्नाशीपर्यंतच. बाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. "मग वेगळा विचार करावा लागेल. वडिलांना नेमकं काय झालं होतं? हळूहळू गेलं की एकदम? एक कान की दोन्ही? कितव्या वर्षी?" त्याने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला ह्यातलं काहीच माहीत नाही. जे डोक्यावर घेऊन आपण इतकी वर्षं पळतोय त्याच्याबद्दल साधी चौकशीही आपण कधी केली नाही. "आई आहे," तो म्हणाला, "तिला विचारतो."

आई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची आणि एकटीच राहणार म्हणायची. ऐंशी ओलांडली तरी गुडघे सोडले तर सगळं शाबूत होतं, जीभ तर विशेष. त्याने दार लोटलं तेव्हा ती बाहेरच्या खोलीत वाळलेल्या चादरींचा ढीग घेऊन उभी होती. "बरा आलास," ती म्हणाली, "एकटीने ह्या मोठ्या चादरींच्या घड्या होत नाहीत. हे टोक धर." चादरीची दोन टोकं त्याच्या हातात आली, दोन तिच्या. दोघं मागे मागे गेले, चादर ताणली गेली. हे तो लहानपणापासून करत आला होता आणि पावलं अजून पाठ होती. जवळ यायचं, टोकं तिच्या हातात द्यायची, खाली लोंबणारी घडी उचलायची, पुन्हा मागे जायचं.

"आई, बाबांच्या कानांना नेमकं काय झालं होतं गं?"

"आज कुठून आठवलं तुला ते?"

"डॉक्टरीण विचारत होती."

"कुठली डॉक्टरीण? तुला काय झालंय?"

"काही नाही, सहज तपासून घेतलं. हळूहळू गेले की एकदम?"

"सहज म्हणे. नीट ताण, वाकडी होतेय. सुयांनी गेले."

"कसल्या सुया?"

"क्षयाच्या," आई म्हणाली. चादर कशाने फाटली असं विचारल्यावर खिळ्याने असं सांगावं, तशी. त्याच्या हातातलं टोक सुटलं.

"धर ना नीट! नुकती धुतलीय."

"बाबांना क्षय होता?"

"मग काय तर. वर्षभर होते की टेकडीवरच्या दवाखान्यात."

"ते दौऱ्यावर होते. वाद्यवृंदाबरोबर."

"दौरा कसला डोंबलाचा! ते तुला आणि गल्लीला सांगायला, रेडिओवर घरच्या अडचणीची रजा टाकली होती." आईने जवळ येऊन त्याच्या हातातली टोकं काढून घेतली. "फुप्फुसं पार पोखरली होती. तिथले डॉक्टर म्हणाले, औषध आहे, पण कधी कधी कान घेऊन जातं, विचार करून सांगा. मी रडायला लागले. हे म्हणाले, टोचा. पोर लहान आहे. मेल्यावर व्हायोलिन कोण वाजवतंय?" घडी घातलेली चादर तिने पोटाशी धरली आणि क्षणभर तिच्याकडेच बघत राहिली. "तसं बोलले आणि मग तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत."

तो खाली बसला. खुर्चीवर चादरी होत्या, म्हणून जमिनीवरच बसला. "मग ते घराण्याचं? पन्नाशीचं?"

"ते लोकांना सांगायला रे! घरमालक डोक्यावर राहायचा. क्षय म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर. तुझ्या आत्याचं लग्न ठरत होतं. रेडिओवाले तर वाऱ्यालाही उभे राहिले नसते. बहिऱ्या माणसाची लोक कीव करतात, क्षयवाल्यापासून पळतात. मीच काढलं ते डोक्यातून. आमच्या घरातल्या पुरुषांचे कान लवकर जातात म्हटलं. सगळ्यांना पटलं बघ एका झटक्यात." तिच्या आवाजात इतक्या वर्षांनंतरही थोडा अभिमान होता.

"आणि आजोबा? आजोबाही बहिरे होते ना?"

"मामंजी? त्यांचे कान मांजरासारखे. माजघरात चमचा पडला तर ओटीवरून विचारायचे, काय पडलं म्हणून. फक्त सासूबाईंचं तेवढं ऐकू यायचं नाही. ते मला फार उपयोगी पडलं पुढे."

"आणि मला? मला का सांगितलं ते?"

"तुला तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. तुझ्या तोंडात तीळ भिजायचा नाही. गल्लीभर बोंबलत फिरला असतास."

"अगं, पण नंतर! मोठा झाल्यावर!"

आईने पोटाशी धरलेली घडी हाताने सारखी केली. "नंतर राहूनच गेलं," ती म्हणाली. "हे गेले. तू कामाला लागलास. सांगू कधी? येतोस, दाराशी बूटही काढत नाहीस, 'आत्ताच निघतो गं' म्हणतोस आणि जातोस. मला काय माहीत तू ते अजून धरून बसलायस? तुझ्या बायकोला मी सांगितलं होतं. लग्नाआधी, बाजूला घेऊन. परक्याची पोर घरात येणार, तिला फसवायचं कसं?"

म्हणजे फक्त त्याला. घरमालक, रेडिओवाले, आत्याच्या सासरची मंडळी ह्यांच्यासाठी घातलेलं कुंपण होतं ते, आणि ती सगळी माणसं केव्हाच मरून गेली तरी कुंपणाच्या आत तो एकटा उभा राहिला होता. आधी त्याला राग आला. चांगला, तोंडापर्यंत आला. ओरडावं, ती चादर फेकावी, विचारावं की एका वाक्याला किती वेळ लागतो? मग तो राग वर येता येताच फुटला आणि त्यातून हसू बाहेर पडलं, आणि ते काही केल्या थांबेना. आई आधी घाबरली, मग रागावली, मग तीही हसायला लागली, कशाला ते न कळताच. "वेडा झालास का रे?" ती म्हणाली. तो डोळे पुसत उठला. "येतो गं," म्हणाला, सवयीने, आणि बाहेर पडलासुद्धा.

जिन्याच्या पहिल्याच वळणावर त्याचे पाय थांबले. पायरीवर बसून त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "त्या काळी व्हायचं असं. ते त्यांचं औषधाचं होतं, तुमचं वयाचं आहे. आता वर्षाकाठी एकदा या, तपासू. सुटलात तुम्ही." फोन ठेवल्यावर तो 'सुटलात' हा शब्द नुसता तोंडात घोळवत राहिला. छातीवरून कोणीतरी कपाट उचलून नेल्यासारखं हलकं वाटत होतं, आणि इतकं हलकं वाटणं बरं नव्हे असंही वाटत होतं, कारण त्याबरोबरच दिवा मालवता मालवता बोललेली बायको आठवत होती. साबण, बिस्किटं, धडाड् धडाड् धडाड्, आणि नसलेलं एक पोर. हे सगळं कशापायी, तर एका बाईने घरमालकाला मारलेल्या थापेपायी. पण ती थाप नसती तर? तर त्याने विहीर खणली असती की नुसता काठावर बसून राहिला असता, हे कोण सांगणार? आणि वडील टोचा म्हणाले नसते, तर पायरीवर बसून हिशेब मांडायला तोच कुठे असता, म्हणजे असता, पण पोरका. ते वडील, हातावर बोटं फिरवून घेणारे, त्याला आजवर नशिबाने ठकवलेले वाटत आले होते. ते ठकले नव्हते. त्यांनी समजूनउमजून सौदा केला होता, आणि तो त्यांच्या डावीकडे बसून होता. त्याला हुंदका आला. जिन्यात कोणी नव्हतं, म्हणून त्याने तो आवरला नाही.

मग त्याने बायकोला फोन केला. "बाबांना क्षय होता हे तुला माहीत होतं?"

"हो. का?"

"मला नव्हतं."

"काहीतरीच काय? तुझाच बाप ना?"

"मला वाटायचं ते रक्तातून येतं. वाटायचं, माझेही कान जाणार. पन्नाशीला."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला. मग म्हणाली, "म्हणून तू तेव्हा..." आणि तिथेच थांबली.

"हो," तो म्हणाला. "म्हणून."

"गाढव आहेस तू." तिचा आवाज ओला होता. "मला विचारायचं तरी. एकदा." मग नाक ओढून ती म्हणाली, "घरी ये. मला भांडायचंय तुझ्याशी. चांगलं कडकडून भांडायचंय. पण सावकाश ये, आईंना तसंच टाकून येऊ नकोस." तिने फोन ठेवला. भांडणाची त्याला भीती वाटली नाही. उलट ते भांडण कधीतरी व्हायलाच हवं होतं, आणि आता ते पुरतं होईपर्यंत बसता येणार होतं.

फोन खिशात टाकतो न टाकतो तोच पुन्हा वाजला. निर्माता होता. "अरे आत्ताच, नवी मालिका घेतोय. शीर्षकगीत हवंय, सोमवारपर्यंत. तुला काय, तू आत्ताच देशील."

"मला वेळ लागेल," तो म्हणाला. हे तीन शब्द तोंडातून इतके सरळ निघाले की त्यालाच नवल वाटलं.

"किती?"

"बघू. झालं की सांगतो."

निर्माता काळजीने म्हणाला, "तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत."

"मग दुसऱ्याला देऊ का? तसं सांग बाबा स्पष्ट."

ह्या एका प्रश्नाच्या धाकाने त्याने आजवर कित्येक रविवार, कित्येक वाढदिवस आणि निम्मी झोप घालवली होती. "द्या की," तो म्हणाला. "चांगलं करील तोही." पलीकडचा माणूस काहीतरी पुटपुटत होता, पण त्याने तोवर निरोप घेतला होता आणि तो उठून पायऱ्या चढत होता, वर.

दार तसंच उघडं होतं. आई खुर्चीवरच्या चादरी कपाटात ठेवत होती. "काय विसरलास?" तिने विचारलं.

"काही नाही. बसायला आलो."

आईने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तो वाकून बूट काढत होता. "खरंच काही झालं नाहीये ना तुला?"

"नाही गं."

"मग बस. पण मी आता जरा पडणारेय हं. ह्या वेळेला माझा डोळा लागतो, तू आलास म्हणून काही मी बसून राहायची नाही."

"झोप की," तो म्हणाला. ती आतल्या खोलीत गेली. पलंग करकरला, पांघरूण ओढल्याचा आवाज आला. तो रिकाम्या झालेल्या खुर्चीत टेकला आणि त्याने पाय लांब केले. खिडकीचा पडदा आत येत होता, बाहेर जात होता. खाली कोणीतरी कोणालातरी पुन्हा पुन्हा हाक मारत होतं आणि त्या कोणालातरी यायचं नव्हतं. थोड्या वेळाने आतून आईचं घोरणं सुरू झालं, आधी बिचकत, मग चांगलं खणखणीत. ती उठेपर्यंत बसायचं असं त्याने ठरवलं आणि तो ते ऐकत बसला.